सात पिढ्यांची नावं

कोरीसूच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सकाळी समोर येईल त्याला दोन्ही हात द्यायचे असतात, आणि अकमारलचे दोन्ही हात नेमके नमद्याच्या, लोकरीच्या जाड जाजमाच्या गुंडाळीत अडकले होते. गुंडाळी तिच्यापेक्षा उंच, जिना अरुंद, त्यात दिवा गेलेला. समुद्राकडून येणारा वारा खालचं दार उघडत होता नि आपटत होता. ती पायरी चाचपत वर चालली होती आणि वरून कुणीतरी शीळ घालत उतरत होतं. व्हायचं तेच झालं. नमदा त्याच्या छातीवर, आणि ही नमद्यावर.

"नवं वर्ष लाभो!" नमद्यापलीकडून आवाज आला.

"लाभो, लाभो... आधी मला पडू देऊ नका."

"हात द्या की मग."

"कुठून देऊ? दिसत नाहीत का माझे हात?"

"दिसत नाहीत म्हणून तर मागतोय. कोरीसूला हात न देता पुढे गेलो, तर वर्षभर भांडण राहील आपलं."

"ओळख ना देख, भांडण कसलं?"

"तेच म्हणतो मी... ओळख होईपर्यंत भांडण तरी असू दे."

अकमारलला हसू फुटलं आणि गुंडाळी निसटली. त्याने ती वरच्या वर झेलली, भिंतीला टेकवली, तळवे पँटला पुसले आणि रीतीप्रमाणे तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्याचे तळवे खरबरीत होते, रेषांमध्ये पांढरी धूळ बसलेली. कोरीसूला लोक हात धरतात आणि सोडतात. याने धरले तेवढे, सोडण्याचं काम तिच्यावर टाकलं — आणि तिला काही ते सुचेना.

"कुठे न्यायचंय हे?" शेवटी त्यानेच विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर. डावीकडचं दार, उघडंच असेल..."

"आज कुणाचं बंद असणार!" असं म्हणून त्याने गुंडाळी खांद्यावर टाकली आणि दोन-दोन पायऱ्या चढत तो दिसेनासा झाला. अकमारल मागे राहिली, कारण या गडबडीत तिच्या पिशवीतले बाउरसाक जिनाभर घरंगळले होते. सणाच्या दिवशी तळलेली पुरी पायाखाली येऊ देणं बरं नव्हे. ती एकेक उचलत होती आणि एकटीच हसत होती. नाव विचारायचं राहिलं, वर गेल्यावर विचारू, असं म्हणत होती. बिचारीला काय ठाऊक, वर काय वाढून ठेवलंय!

वर पोचली तर आजोबा दारातच उभे. डोळे ओले, टोपी वाकडी.

"आलीस? आत बघ कोण आलाय! हात धुतोय. अगं, आपल्या ओराकचा नातू! तुझा भाऊ, भाऊ आला तुझा!"

ओराक म्हणजे आजोबांचा चुलतभाऊ. तरुणपणी वाळवंटापलीकडे काराकालपाकांच्या मुलखात गेला, तिकडेच राहिला आणि काही वर्षांपूर्वी तिकडेच वारला. हिवाळ्यात कुणा प्रवाशाने निरोप आणला होता, की त्याचा नातू वसंतात इथे अक्ताऊच्या बंदरावर कामाला येणार आहे. नाव मात्र निरोप्या वाटेत विसरला. तेव्हापासून दारावर टकटक झाली की आजोबा आधी टोपी घालायचे आणि मग विचारायचे, "ओराकचा का?"

"त्याने सांगितलं का, ओराकचा म्हणून?" अकमारलने विचारलं.

"मी विचारलंच नाही!" आजोबा छाती काढून म्हणाले. "परक्याला कुळ विचारतात. आपल्याच रक्ताला 'तू कोणाचा' म्हणून विचारायचं? शोभतं का ते? मी त्याला पोटाशी धरलं आणि म्हटलं, आलास माझ्या लेकरा. तो म्हणाला, आलो आजोबा. झालं. कपाळ बघ त्याचं, आमचंच आहे."

आता यात त्या मुलाची चूक म्हणावी तर तीही नाही. कोरीसूच्या दिवशी आमच्या या मांगिस्ताऊ मुलखातला कुठलाही म्हातारा कुठल्याही पोराला 'माझ्या लेकरा' म्हणतो आणि रडतोसुद्धा. आणि आलेल्या पाहुण्याला कोण, कुठला, हे विचारायचं नाही, आधी खाऊ घालायचं, ही तर घरोघरची शिस्त. तेव्हा दोन्हीकडचे लोक अगदी शहाण्यासारखे वागले आणि घोळ झाला.

तो हात पुसत बाहेर आला. नाव येरमेक. वरच्या मजल्यावर भाड्याची खोली घेतली होती, आणि सणानिमित्त समुद्रकाठच्या दालनात भरणाऱ्या प्रदर्शनासाठी तो स्वतः कोरलेले दगड घेऊन आला होता. अकमारल त्याच दालनात काम करायची. प्रदर्शनाची मांडामांड तिच्याच गळ्यात होती.

"बंदरावर काम आहे असं कळलं होतं," आजोबा म्हणाले.

"बंदरावर? नाही हो, माझं काम दगडाचं."

"असू दे, असू दे. पोटाला काहीतरी लागतंच." आजोबांनी बंदर तिथल्या तिथे बुडवून टाकलं. "अकमारल, दादाला चहा दे."

'दादा' म्हटल्यावर येरमेकने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने पेला पुढे केला. चहा बशीत सांडला.

"घे... दादा."

जिन्यात 'तुम्ही' होतं, इथे 'तू' झालं. एरवी किती गोड वाटलं असतं ते! आमच्यात बापाकडच्या सात पिढ्यांत पूर्वज एक निघाला, की तो मुलगा भाऊच. त्याच्याशी लग्न तर सोडाच, तसं मनात आणलं तरी पाप. अकमारलने मनातल्या मनात तोबा केला आणि दुसरा पेला भरला. येरमेकने मात्र त्या 'दादा'चा निराळा अर्थ लावला: पोरगी सांगतेय, जिन्यातलं जिन्यात राहिलं, आता अंतर ठेव.

पण अंतर ठेवायचं कसं? दुसऱ्या दिवसापासून दोघं एकाच दालनात. दालन खडकावर, खिडक्यांखाली समुद्र. एका भिंतीवर नमदे, दुसरीकडे चांदीचे दागिने, मुलांनी काढलेली चित्रं, आणि मधोमध येरमेकचे दगड. आमच्या इथला तो पिवळसर, शिंपल्यांनी भरलेला दगड, ज्याच्या आमच्या घरांच्या भिंतीही आहेत. त्यातून त्याने बसलेली उंटीण काढली होती, झोपलेला म्हातारा काढला होता.

"दादा, ती उंटीण जरा डावीकडे घे ना, दादा."

"एका वाक्यात दोन?"

"काय दोन?"

"दादा. सकाळपासून मोजतोय. एवढे दादा माझ्या सख्ख्या बहिणीने जन्मात म्हटले नाहीत."

"मग काय म्हणू?"

"आईबापांनी नाव ठेवलंय. वापरलंस तर झिजणार नाही."

"मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत आमच्यात."

"मोठा? दीड वर्षाने! आणि कोरीसूला तर म्हणालीस, मला पडू देऊ नका. तेव्हा नव्हतो वाटतं मोठा?"

अकमारलचे कान तापले. हा मुलगा असा कसा? आपण भाऊबहीण आहोत हे याला ठाऊक, तरी बोलणं हे असं... की भाऊ असेच बोलतात? तिचा सख्खा भाऊ तेलाच्या विहिरींवर पाळीला जायचा. तो घरी असला की फक्त "मीठ दे" एवढंच बोलायचा. त्यामुळे तुलना करायलाही सोय नव्हती.

पाऊस आला तर येरमेक आपला कोट तिच्या खुर्चीवर टाकून जायचा. तिने काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी थोडा वेळ नुसता बघायचा. आणि ती? ती रोज सकाळी ठरवायची, आज वर बघायचं नाही. दुपारपर्यंत तिला त्याच्या पापण्यांवरची धूळसुद्धा पाठ झालेली असायची. 

एका दुपारी त्याने तिच्यापुढे कापडाची पुरचुंडी ठेवली. आत कुर्त, उंटिणीच्या दुधाच्या वाळवलेल्या दह्याचे गोळे.

"आजोबांनी पाठवलेत. तुमच्या घरच्यांना सलाम सांगितलाय."

"कोणत्या आजोबांनी?"

"माझ्या. आणखी कोणाच्या?"

तो निघून गेला आणि अकमारल कुर्त हातात धरून तशीच बसली. ओराक आजोबा तर मेले. मेलेला माणूस सलाम कसा धाडील? आणि कुर्त? मग म्हणाली, आईचे वडील असतील. असतीलच. पण मग... छे! कशाचा कशाला मेळ नाही. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या तिने आजोबांना विचारलं, "ओराक आजोबा खरंच वारले ना?"

"म्हणजे? खोटे कसे वारतात?" आजोबा भडकले. मग तिच्या हातातला गोळा तोंडात टाकून म्हणाले, "कुर्त झकास आहे. हा हात आमच्याच लोकांचा."

हे सगळं स्वयंपाकघरातून वहिनी ऐकत होती. बालझान तिचं नाव. आमच्याकडे सून सासरच्यांची नावं घेत नाही, म्हणून अकमारलला ती 'लाडाबाई' म्हणायची. तिने तिला ओट्याशी ओढलं आणि पिठाचा हात तिच्या गालाला लावला.

"लाडाबाई, एक विचारू? भावाकडे असं बघतात का गं?"

"कसं?"

"मांजर दुधाकडे बघतं तसं."

अकमारलने हसायला तोंड उघडलं आणि एकदम रडूच आलं तिला. "वहिनी, मला काही कळेनासं झालंय गं. मला तो आवडतो. भाऊ आहे, आणि मला तो आवडतो. मी किती वाईट आहे!"

"वाईट नाहीस, मूर्ख आहेस," वहिनीने पदराने तिचं नाक पुसलं. "मला तर तो ओराकचा वाटतच नाही. नात्यातला असता तर वर भाड्याने कशाला राहिला असता?"

"आजोबा म्हणतात, ओराकसारखाच मानी आहे."

"तुझे आजोबा! उद्या तो चिनी भाषेत बोलला तरी म्हणतील, ओराकला भाषांची आवड होती. मी विचारते त्याला सरळ, बाबा रे, तुझ्या सात पिढ्या सांग."

"नको!" अकमारलने तिचा हात घट्ट धरला. "तुझ्या पाया पडते, नको. वहिनी येऊन सात पिढ्या विचारते म्हणजे काय, हे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. आणि तो खरंच ओराक आजोबांचा निघाला तर? बहीण भावाला सात पिढ्या विचारते! मी तोंड कुठे लपवू?"

खरंच होतं ते. आमच्यात लग्नाच्या बोलणीत मुलाला सात पिढ्या विचारतो तो मुलीचा बाप, नाहीतर काका. आणि तो विचारतो तेव्हा पातेल्यात मांस चढलेलं असतं. मुलीच्या घरच्या बाईने विचारलं तर निरोप पोचला म्हणून समजा. मुलीने स्वतः विचारल्याचं मात्र माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं. विचारावं तर हात दाखवून अवलक्षण, न विचारावं तर जीव टांगलेला.

कोरीसूनंतर आठवडाभराने, मोठ्या सणाच्या, नौरूझच्या आदल्या दिवशी, प्रदर्शन उघडायच्या जरा आधी, येरमेकने शेवटच्या दगडावरचं कापड काढलं. हा दगड तो वर आपल्या खोलीत कोरत होता, कुणालाही दाखवला नव्हता. दगडात एक गुंडाळी होती, उभी, नमद्याची. तिच्यामागे मुलगी असणार, पण दिसत नव्हती. दिसत होते फक्त दोन हात, गुंडाळीला घट्ट धरलेले. उजव्या करंगळीचं वाकडं पेरसुद्धा जसंच्या तसं.

अकमारलने आपली करंगळी मुठीत लपवली.

"नाव सुचत नाहीये याला," येरमेक म्हणाला. इकडेतिकडे बघत, उगीच दगडावर फुंकर घालत. "खाली पाटी कोरी ठेवलीये. तू... तू लिहिशील? तुला जे वाटेल ते."

एवढं बोलून तो बाहेर गेला. ती पाटीपुढे पेन घेऊन उभी राहिली.  इतक्या सुंदर तऱ्हेने तिच्याकडे कुणी कधी पाहिलं नव्हतं. आणि ज्याने पाहिलं त्याने पाहायला नको होतं. थोड्या वेळात दार उघडणार, गाव लोटणार, आजोबा येणार, करंगळी बघणार... तिने डोळे मिटले आणि घाईघाईने लिहिलं: 'बहीण'.

येरमेक परत आला. पाटी वाचली. एकदा वाचली, मग जवळ जाऊन पुन्हा वाचली.

"बरं," तो म्हणाला. "कळलं."

काय कळलं ते त्याने सांगितलं नाही. सणाचे तीन दिवस तो दगडांपाशी उभा राहिला, लोकांना उत्तरं देत राहिला, आणि तिच्याशी मात्र "हो", "नाही", "ठीक". कोट तिच्या खुर्चीवर पुन्हा आला नाही. दालनाच्या मोठ्या बाईंना त्याचं काम इतकं आवडलं होतं की त्या मागची रिकामी शेड त्याला कामासाठी द्यायला तयार होत्या, इथेच राहा म्हणून. त्याने नको म्हणून सांगितलं. अकमारलला हे बाईंकडून कळलं. ती "अच्छा" म्हणाली आणि चांदीच्या कपाटाची काच, जी आधीच स्वच्छ होती, ती पुसत बसली.

बरं झालं, जाऊ दे, असं ती स्वतःला सांगत होती. गेला की हा गोंधळ संपेल. मग रात्रभर उशी ओली का होत होती, ते देव जाणे.

सणाचा शेवटचा दिवस. दालनासमोरच्या मोकळ्या जागेत तंबू उतरवायचं काम चाललेलं, वाऱ्याने कापडं फडफडत होती. वहिनी मोठ्या कढईतून उरलंसुरलं नौरूझ-कोझे, सणाची पेज, येईल त्याला वाढत होती. कढईशेजारी ऊब धरून आजोबा खुर्चीत बसलेले. आणि दाराशी एक ट्रक उभा होता. येरमेक आणि ट्रकवाला दगड चढवत होते. उंटीण चढली, म्हातारा चढला. हातांचा दगड जमिनीवर होता.

अकमारल पायरीवर येऊन उभी राहिली.

"निघालास?"

"निघालो."

"शेड देत होत्या म्हणे."

"देत होत्या. इथलं हवामान मला सोसत नाही."

"वारा तर सगळीकडेच असतो की."

"मी वाऱ्याचं नाही म्हणत." त्याने हातातली दोरी खाली टाकली. "अकमारल, जाता जाता एक सांग. जिन्यात तू हसलीस. हात सोडवून घेतला नाहीस. वर आलीस आणि — दादा. मग ऊठबस दादा. नाही आवडलो, तर तोंडावर सांगायचं. मी काय रडलो असतो? फार तर एक-दोन दिवस रडलो असतो. पण माझ्या दगडाखाली 'बहीण' लिहायचं? चार लोकांसमोर? एवढं काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

"मी वाकडं केलं?" अकमारलचा इतक्या दिवसांचा बांध फुटला. "आणि तू? तुला लाज नाही वाटली? बहिणीचे हात असे कोरतात? बहिणीशी असं बोलतात? मी वेडी व्हायची वेळ आली!"

"कुणाची बहीण?"

"तुझी! ओराक आजोबांच्या नातवाची!"

येरमेकने तिच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"कोण ओराक?"

वहिनीच्या हातातला डाव हवेतच राहिला. कोझे टपटप जमिनीवर गळत होतं.

आता खरं म्हणजे प्रश्न तिथेच मिटला होता. गैरसमज झाला, क्षमा असावी, प्रवास सुखाचा होवो. हात जोडून घरी जायचं. पण अकमारल हलली नाही. ओराकचा नसेल, तरी हा आमच्याच अदाय कुळातला आहेच. इथे दगड मारला तरी अदायलाच लागतो. तिसऱ्या नाही तर पाचव्या पिढीत नातं निघालं तर? पुन्हा हे सगळं? तिला आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं. आणि का कळायला हवं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळणार होतं. कळू दे, ती म्हणाली. तिने श्वास घेतला.

"तुझ्या सात पिढ्या सांग."

तंबू उतरवणाऱ्यांपैकी कुणीतरी शीळ घातली आणि शेजारच्याने त्याच्या पाठीत रट्टा घातला. येरमेक आधी कानांपर्यंत लाल झाला. मग त्याने टोपी काढली, केस सारखे केले आणि लहान मुलं आजोबांसमोर उभी राहतात तसा ताठ उभा राहिला.

"इझबासार," तो म्हणाला. "माझे वडील."

"पुढे."

"कोसिम."

ओराक नाही. पण अकमारलने मान हलवली, पुढे.

"ओतेगेन. तुर्सीनबाय..."

चौथा. तिच्याकडे चौथे इस्काक. नाही, जुळत नाही. तिने पायरीचा कठडा धरला.

"कुलबराक. मेंदीबाय." सातवं नाव त्याने सावकाश घेतलं. "झानुझाक."

सात. एकही नाव तिच्यातलं नव्हतं. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"आता तू," येरमेक हळूच म्हणाला.

"मी?"

"मी सांगितल्या. मलाही विचारायचंय. तुझ्या सात पिढ्या सांग, अकमारल."

पोरीला कधीपासून पाठ होत्या त्या! साबित, नुरपेइस, बेर्दीबेक, इस्काक... तिने एकेक नाव त्याच्या डोळ्यांत बघत म्हटलं. मिर्झाबाय, कारझाऊ, तोकसान. प्रत्येक नावाला तो नकारार्थी मान हलवत होता, आणि नकार द्यायला इतका खुश माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"आणि आठवा?"

हे आजोबा म्हणाले. खुर्चीतून उठून ते कधी जवळ आले, कुणाला कळलंच नव्हतं.

"आठवा?" वहिनी कळवळली. "आठवा कशाला हवाय आता?"

"मला हवाय. दोघं सांगा."

दोघांनी तोंड उघडलं आणि दोघांच्या तोंडून एकच नाव निघालं.

"सारीबास."

कढईखालचा जाळ तेवढा तडतडत होता.  येरमेकने टोपी मुठीत चुरगाळली. म्हणजे नातं होतंच. म्हातारा बरोबर होता. आता हा म्हातारा काय म्हणतो त्यावर सगळं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो मात्र बोटांवर काहीतरी मोजत होता, पुन्हा मोजत होता.

"मी म्हटलं नव्हतं?" आजोबा अखेर म्हणाले. "कपाळ आमचंच आहे म्हणून? एका नजरेत ओळखलं मी! सारीबासला दोन मुलगे होते, धाकटा उंट घेऊन निघून गेला. त्याचाच हा!"

"आजोबा..." अकमारल म्हणाली. "मग... चालतं की नाही चालत?"

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे, कठड्यावरच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. म्हाताऱ्याला गोंधळ घालता येत असेल, पण डोळे होते त्याला.

"आपल्या पूर्वजांनी मर्यादा सातची घातली, पोरी," ते म्हणाले. "आठची नाही घातली. त्यांना आठपर्यंत मोजता येत नव्हतं म्हणून नव्हे." मग येरमेककडे वळून, आवाज चढवून, "तुझे कुर्त पाठवणारे आजोबा आहेत ना अजून? त्यांना म्हणावं, या. आमच्यासमोर बसा, बोला. मांस आम्ही शिजवू."

"सांगतो. म्हणजे... आजच सांगतो," येरमेक अडखळला.

"आणि मग ओराकचा नातू कुठे आहे?" आजोबांना एकदम आठवलं.

"येईल तो," वहिनी म्हणाली. डाव तिने केव्हाच टाकून दिला होता आणि पदर डोळ्यांना लावला होता. "आला की त्यालाही विचारायच्या आधीच चहा पाजू."

सगळे हसले. फक्त ट्रकवाला हसला नाही. तो बिचारा मघापासून हातांच्या दगडाचं एक टोक धरून वाकून उभा होता.

"अहो, लग्न करा नाहीतर काही करा," तो ओरडला, "पण मला एक सांगा. हे चढवायचे का उतरवायचे? माझी कंबर चाललीय!"

येरमेकने अकमारलकडे पाहिलं. आजोबांनी पाहिलं, वहिनीने पाहिलं, तंबूवाल्यांनी कामं थांबवून पाहिलं. आमच्या मुली अशा वेळी खाली बघतात आणि त्यांच्या वतीने दुसरं कुणीतरी बोलतं. अकमारलने एकवार खाली बघूनही घेतलं. मग पायरी उतरली, ट्रकपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"उतरवा."